दुसरा कंट्रोलर

१

सकाळी दहाला शटर वर करायचं, टेबलावरचा दिवा लावायचा, सोल्डरिंग गन तापत ठेवायची आणि ती तापेपर्यंत चहा प्यायचा. तेवीस वर्षं माझं हेच चाललंय. पूर्वी दुकानात टीव्ही यायचे, टेप यायचे, मिक्सर यायचे. आता जास्त करून येतात ते जुने व्हिडिओ गेम. ज्यांनी लहानपणी आईची बोलणी खात ते खेळले, त्यांची आता पोटं सुटली आहेत, डोक्यावरचे केस गेले आहेत, आणि माळ्यावरचा खोका काखेत मारून ते माझ्यासमोर उभे राहतात. "साहेब, एवढं चालू करून द्या बघू."

टीव्हीला जोडायचा डबा, म्हणजे कन्सोल, बहुतेक वेळा धडधाकट असतो. हातात धरायचा कंट्रोलर तेवढा मेलेला असतो. बटणाखालचं रबर विरघळतं, वायर आतून तुटते, आणि तसा नवा कुठे मिळत नाही. मग जुन्या कन्सोलला आजचा बिनवायरचा कंट्रोलर जोडायचा. दोघांची भाषा वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. बोटभर लांबीची डबी असते, जुन्या सॉकेटमध्ये घुसवायची. मी तिला काडेपेटी म्हणतो. तिच्यावर एक बारीक हिरवा दिवा आहे. कंट्रोलर शोधत असेल तोवर तो लुकलुकतो आणि सापडला की स्थिर होतो.

त्या सोमवारी बँकेत काम करणारे एक गृहस्थ दोन काडेपेट्या आणि दोन नवेकोरे कंट्रोलर ठेवून गेले.

"काडेपेटी म्हणता, पण पेटणार तर नाही ना!" ते म्हणाले. "माझा भाऊ यायचाय पुढच्या आठवड्यात. लहानपणी आम्ही दोघं बसायचो. दोन्ही एकदम चालतात का, तेवढं बघा."

चाचणीसाठी मी दुकानात एक कन्सोल ठेवतो. नेमका त्याच दिवशी त्यानं प्राण सोडला. तसला दुसरा कन्सोल माझ्या माहितीत एकच होता. तो आमच्या कपाटावर होता, कापडात गुंडाळलेला.

दुकानाच्या मागेच आमचं घर. मधल्या खोलीत बायको कपडे अल्टर करून देते, दिवसभर तिचं मशीन चालू असतं. मी स्टुलावर चढून ते गाठोडं खाली घेतलं तेव्हा मशीन थांबलं.

"तोच मिळाला का तुम्हाला?" ती म्हणाली.

"दोन तासांचं काम आहे. परत ठेवतो."

मी दुकानात येऊन बसलो तरी मशीन बराच वेळ चालू झालं नव्हतं.

२

कन्सोल आमच्या भिंगरीचा. तिचं खरं नाव दुसरं होतं, पण एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून भिंगरी. नऊ वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापात गेली. बारा वर्षांची होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

कुणीतरी दुरुस्तीला टाकून न्यायला विसरलेला तो कन्सोल होता. मी नीट करून तिला दिला. दोन कंट्रोलर होते आणि एक कॅसेट. खेळ साधा होता. पिवळ्या टोपीची बहीण आणि निळ्या टोपीचा भाऊ एका भल्यामोठ्या रिकाम्या घरात अडकले आहेत, एकेक खोली पार करत बाहेर पडायचं. प्रत्येक दारासमोर एक पांढरी फरशी. तिच्यावर एकानं उभं राहिलं तरच दार उघडं राहतं. मग दुसऱ्यानं आत जायचं, आतली कळ ओढायची, तेव्हा बाहेरच्याला आत येता येतं. एकट्यानं तो खेळ पुढे सरकतच नाही.

आणि मी काय केलं, तर तिच्या दुसऱ्या कंट्रोलरची वायर कापली. एक गिऱ्हाईक घाईत होतं, त्याला तसलीच पिन हवी होती, माझ्याकडे नव्हती. "उद्या दुसरी लावून देतो गं," मी तिला म्हणालो. ती जाईपर्यंत त्या उद्याला दोन वर्षं झाली होती. अख्ख्या गावाची यंत्रं जोडणाऱ्या माणसाच्या घरात दिव्याखाली अंधार. दहा मिनिटांचं काम होतं. पिनही नंतर आली होती, टेबलाच्या खणात होती.

ती पोर गप्प बसणारी नव्हती. तिनं आपला तोडगा काढला. पहिल्या सॉकेटमध्ये कंट्रोलर लावून पिवळीला फरशीवर उभं करायचं, मग पिन उपटून दुसऱ्या सॉकेटमध्ये खुपसायची आणि निळ्याला आत न्यायचं. परत उपटायची, परत खुपसायची. भिंतीपलीकडून मला खट्ट, खट्ट ऐकू यायचं. मध्येच हाक यायची. "बाबा, तू ये ना! निळ्याला तू खेळव, मी पिन बदलते!"

"दोन मिनिटं," मी म्हणायचो.

असं करत ती बाविसाव्या खोलीपर्यंत गेली होती. कॅसेटमध्ये एक बटनसेल असतो, त्याच्या जिवावर खेळ कुठवर आला ते लक्षात राहतं. नऊ वर्षांत तो सेल संपलेला असणार, असं मी धरून चाललो होतो. कन्सोल चालू केला आणि पडद्यावर बाविसावी खोली आली. मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

३

आता जे सांगतो ते मी त्या वेळी वहीत लिहूनही ठेवलं होतं, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता.

पहिली काडेपेटी मी पहिल्या सॉकेटमध्ये लावली. दोन्ही नवे कंट्रोलर अजून खोक्यात होते, प्लॅस्टिकही फाडलेलं नव्हतं. दिवा लुकलुकायला हवा होता. तो दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

असं होतं कधी कधी. शेजारपाजारचा एखादा कंट्रोलर चालू असला तर काडेपेटी त्याच्याशीच गट्टी करते. मी बाहेर जाऊन शेजारच्या मोबाइलवाल्याला विचारलं. "काका, मला दुकान चालवायला वेळ पुरत नाही, गेम कुठला खेळतोय?" तो म्हणाला. वरच्या मजल्यावर दवाखाना आहे, दुपारी बंद. मी खोके फोडून कंट्रोलर बाहेर काढले आणि दोन्ही स्टीलच्या डब्यांत घालून झाकणं लावली. त्यातून लहर बाहेर येत नाही. दिवा स्थिरच. काडेपेटी काढून दुसरी लावली. तीही दोनदा लुकलुकली आणि थांबली.

दोन्ही काडेपेट्या एकाच घाण्यातल्या, दोन्ही बिघडलेल्या असतील. हे पटण्यासारखं होतं, आणि मी पटवून घेतलं असतं.

तेवढ्यात पिवळी चालायला लागली.

भरकटली असती तर मी सॉकेटला दोष दिला असता. कळकटलेल्या पिना खोटे इशारे देतात, मग पात्र भिंतीवर डोकं आपटत राहतं. पिवळी सरळ चालत गेली, वाटेतल्या खुर्चीला वळसा घातला आणि दारासमोरच्या पांढऱ्या फरशीवर जाऊन उभी राहिली. दार उघडलं. निळा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याला हलवणारं कुणी नव्हतं.

ती उभी राहिली. मी घड्याळ बघत होतो. वीस मिनिटं ती तिथून हलली नाही.

आतल्या खोलीत मशीन चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. गिऱ्हाईक म्हणून कुणी आलं नाही. मी मीटर काढून सॉकेटच्या सगळ्या पिना मोजल्या. सगळं जसं असायला हवं तसं होतं. मग उरलेली काडेपेटी मी दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली, डब्यातला एक कंट्रोलर काढला आणि निळ्याला दारातून आत नेलं. कंट्रोलर माझ्या हातातून दोनदा निसटला.

आत गेल्यावर मी कळ ओढली. पिवळी माझ्यामागून आत आली.

४

मला हवं होतं ते एवढंच. एकदा तिच्याबरोबर बसायचं. नऊ वर्षं दुसरं काहीही मागितलं नव्हतं, कारण कुणाकडे मागणार?

म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. जेवण उरकायचं, "जरा हिशोबाचं बघतो" म्हणून पुढे यायचं, शटर अर्ध्यावर ओढायचं आणि कन्सोल चालू करायचा. पहिल्या सॉकेटमधला दिवा दोनदा लुकलुकून थांबायचा. पिवळी फरशीवर जायची. मी आत जायचो.

मला खेळता येत नाही. बटणं दुरुस्त करणं वेगळं आणि दाबणं वेगळं. निळा खड्ड्यात पडायचा, जिन्यावरून कोसळायचा, चुकून मागच्या खोलीत परत जायचा. पिवळी थांबलेली असायची. एका उडीला मला अख्खी दुपार लागली. नव्या कंट्रोलरचं बटण मी मनातल्या जुन्या अंदाजानं दाबायचो आणि निळा अर्ध्या क्षणानं उशिरा उडायचा. काडेपेटीतून जाताना तेवढा उशीर होतोच. दुसरं कुणी असतं तर वैतागलं असतं. ती जागची हलली नाही. मी एकटाच दुकानात बसून हसलो, चक्क मोठ्यानं, आणि मग तोंडावर हात दाबून रडलो.

गुरुवारपर्यंत आम्ही सत्ताविसाव्या खोलीत होतो.

त्याच दिवशी बायकोनं चहाला हाक मारली म्हणून मी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि उठलो. तो थरथरला. नवे कंट्रोलर थरथरतात, त्यांच्यात त्यासाठी बारीक मोटर असते. पण कन्सोलनं सांगितल्याशिवाय ती फिरत नाही, आणि जुन्या कन्सोलला थरथर म्हणजे काय हेच ठाऊक नाही. त्याच्या सॉकेटमध्ये तशी पिनच नाही. मी उभा राहिलो. कंट्रोलर थांबला. मी दाराकडे एक पाऊल टाकलं. तो पुन्हा थरथरला, जरा जास्त वेळ.

"येतो गं!" मी आतल्या दिशेनं ओरडलो आणि परत बसलो. चहा गार झाला.

दुधाची तहान ताकावर भागवतोय, हे मला कळत नव्हतं असं नाही. शुक्रवारी बँकवाले विचारायला आले. काडेपेट्यांत थोडा दोष आहे, अजून दोन दिवस लागतील, असं मी त्यांना बिनदिक्कत सांगितलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी मी असं खोटं बोललो नव्हतो.

५

शनिवारी दुपारी आतलं मशीन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. बायको कधी माझ्यामागे येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. दिव्याचं, डब्यांचं, फरशीचं, कॅसेटमधल्या सेलचं. वायर कापल्याचंही सांगितलं.

"ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "तिनंच दाखवली होती कापलेली वायर."

"मग बोलली का नाहीस?"

"तीच नको म्हणाली. बाबांना वाईट वाटेल म्हणाली."

ती स्टूल ओढून बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. पिवळी फरशीवर उभी होती. निळा तिच्यापासून चार पावलांवर. मी मुद्दाम हात बाजूला घेतला होता, ती कशी थांबते ते हिला दिसावं म्हणून. मला वाटलं होतं, ही रडेल. मग आम्ही दोघं मिळून रडू.

बराच वेळ गेला. मग ती हळूच म्हणाली, "अहो, ही आपली भिंगरी नाही."

"तुला काय माहीत? तू कधी खेळलीस तिच्याबरोबर?"

"नाही खेळले. पण वेणी घालायला समोर बसवायचे ना मी तिला. दोन मिनिटं बसायची नाही. अर्धी वेणी तशीच घेऊन पळायची. तुम्ही आला नाहीत तर तिनं पिना बदलून खेळ पुढे नेला. वाट बघत नाही बसली." तिनं पडद्याकडे बोट केलं. "हे नुसतं उभं आहे. किती वेळ उभं आहे बघा तरी. आपलं पोर असं थांबलं असतं का कधी?"

मला राग आला. खरं सांगायचं तर राग यासाठी आला की हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी ते मनात येऊ दिलं नव्हतं. मी खाली वाकलो, पहिल्या सॉकेटमधली काडेपेटी धरली आणि म्हणालो, "बरं, मग उपटून टाकतो. हिला दुसरं कोण चालवतंय तेही कळेल."

"थांबा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खालच्या पट्टीत गेला होता. "अहो, हात काढा तिथून."

मी वाकलेलाच होतो. मला फक्त कन्सोलची कड आणि हिरवा दिवा दिसत होता.

"काय झालं?"

"ते वळलंय. इकडे बघतंय."

त्या खेळातली पात्रं एका बाजूनं दिसतात किंवा पाठमोरी. टोपी आणि नाकाचा एक ठिपका, बस. समोरून चेहरा कुणी काढलेलाच नाही, कॅसेटमध्ये तेवढी जागाच नव्हती. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि मान वर केली, तेवढ्यात तिनं पुढे होऊन बटण बंद केलं. काळ्या पडद्यात मला आम्ही दोघंच दिसलो.

"भिंगरीचा चेहरा होता?" मी विचारलं. मला विचारल्यावाचून राहवलं नाही.

तिनं मान हलवली. नाही.

"मग कुणाचा?"

ती उठली आणि आत गेली. संध्याकाळी ती नेहमीसारखी वागली, जेवताना दोन-चार शब्द बोलली. मी पुन्हा विचारलं नाही.

६

रविवारी दुकान बंद असतं. दुपारी जेवणानंतर मी पुढे आलो ते सगळं आवरायला. सोमवारी बँकवाल्यांना त्यांचा माल द्यायचा होता. त्यांचा भाऊ यायचा होता. एक कंट्रोलर पुसून खोक्यात ठेवला. पहिल्या सॉकेटमधली काडेपेटी काढायला हात गेला, पण कालचं आठवून मागे आला. मी आपला कन्सोल गुंडाळायचं कापड शोधत बसलो, जे समोरच होतं.

बायको आली. मापाची पट्टी तिनं गळ्यात टाकली होती. तिनं शटर आणखी खाली ओढलं आणि स्टुलावर बसली.

"मी काल एक सांगितलं नाही," ती म्हणाली. "मी बटणाकडे हात नेला ना, तेव्हा ते पळालं. दारात जाऊन अंग चोरून बसलं. घाबरलं होतं हो. मी बंद करणार हे त्याला कळलं होतं."

मग तिनं कॅसेटकडे बोट केलं.

"तो सेल संपला म्हणजे काय होईल?"

"बाविसावी, सत्ताविसावी, काही राहणार नाही. सगळं पहिल्यापासून."

"आणि ते?"

"मला माहीत नाही."

"सेल बदलता येतो?"

"येतो. कन्सोल चालू ठेवून बदलायचा, म्हणजे आतलं जात नाही. पण हात हलता कामा नये."

"मग बदला," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. काल ती स्वतःच बटण बंद करून गेली होती. रात्री कूस बदलत जागी होती, ते मला माहीत होतं, कारण मीही जागाच होतो.

"अगं, तूच म्हणालीस ना, ती आपली नाही?"

"नाहीच आहे." तिनं खोक्यातला कंट्रोलर उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि दोन्ही हातांत धरला, ताटली धरावी तसा. "पण कुणाचं तरी लेकरू असेल ना. कधीपासून एकटं उभं आहे, कोण जाणे."

मी सोल्डरिंग गन लावली. कॅसेटचं झाकण काढून उघडीच कन्सोलवर बसवली आणि बटण दाबलं. पहिल्या सॉकेटमधला दिवा लगेच स्थिर झाला, या वेळी लुकलुकलाही नाही. पिवळी दाराच्या कोपऱ्यात होती, पाठमोरी. मी जुना सेल उचकटला, नव्याला सोल्डरचा डाग दिला. माझा हात हलला नाही. पडद्यावर खोली तशीच होती.

"चालायचं कुठलं?" बायकोनं विचारलं.

"हे डावीकडचं. उडी मारायची असेल तर हे."

तिचा निळा दोन पावलं गेला आणि भिंतीवर आपटला. परत गेला, परत आपटला. कोपऱ्यातली पिवळी हलली. हळूहळू चालत आली आणि फरशीवर उभी न राहता थेट निळ्याच्या शेजारी येऊन थांबली. तिथे तिचं काही काम नव्हतं. बायकोच्या हातातला कंट्रोलर थरथरायला लागला, आणि तिनं तो छातीशी धरला.

"आहे रे, आहे मी," ती म्हणाली.

सॉकेट दोनच होते आणि खेळही दोघांचाच होता. मी बाजूला स्टुलावर बसून बघत राहिलो.